वर्गांतील चिठ्ठी

शाळेच्या इमारतींतील सर्वांत लहान, सर्वांत हलकी आणि तरीहि सर्वांत अधिक भीतीनें हाताळली जाणारी वस्तु कोणती, असें जर कोणीं विचारलें तर तिचा शोध प्रयोगशाळेच्या कपाटांत करूं नये. वहीच्या शेवटच्या पानाचा कोपरा फाडून, त्यावर दोन ओळी खरडून, चार किंवा आठ घड्या घालून केलेली चिठ्ठी ती हीच. गुरुजींची पाठ फळ्याकडे वळली कीं ती एका बांकावरून निघते, पेन्सिलीच्या डबीखालून, पुस्तकाच्या पानांतून, कधीं पायाच्या अंगठ्याखालून पुढें सरकत जाते आणि भूमितीचा सिद्धांत संपावयाच्या आंत वर्गाच्या दुसऱ्या टोकास पोहोंचते. तींत बहुधा गणिताचें उत्तर नसतें. "तुझी मैत्रीण माझ्याविषयीं कांहीं बोलते काय?" किंवा "तुला तो आवडतो काय? आवडत असल्यास पहिल्या चौकटींत खूण कर, नसल्यास दुसऱ्या," असाच कांहीं तरी मजकूर असतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, शिक्षकांस ठाऊक आहे, आणि आईबापांनीं आपलें बाळपण आठवल्यास त्यांसहि ती अपरिचित नाहीं. मग तिच्याविषयीं शांतपणें चार शब्द लिहिण्यास हरकत ती कसली?

प्रथम या भावनेस म्हणावें काय, हाच प्रश्न आहे. हल्लींचे विद्यार्थी 'क्रश' हा इंग्रजी शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ चिरडणें असा असून, कोणावर तरी मन बसणें या अर्थानें तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत रूढ झाला. आमच्या मतें मराठींत याहून सरस शब्द आहेत. मात्र ते एकाच अर्थाचे नाहींत. 'जीव जडणें' यास काळ लागतो. 'भुरळ पडणें' हें क्षणांत होतें, आणि पुष्कळ वेळां तितक्याच लवकर सरतेंहि. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींस जें होतें तें बहुतेक वेळां दुसऱ्या जातीचें असतें. या वयांत शरीर बदलत असतें. मेंदूंतील ज्या भागांचा हर्ष, ओढ व उत्कंठा यांशीं संबंध आहे ते लवकर जागे होतात, आणि ज्या भागांनीं आवर घालावयाचा ते मात्र विशी उलटून कांहीं वर्षें होईपर्यंत पक्व होत राहतात. लगाम तयार होण्यापूर्वींच घोडा धांवूं लागावा तसा हा प्रकार आहे. तेव्हां एखाद्या मुलीच्या दप्तरांत चिठ्ठी सांपडली एवढ्यावरून तिचें शील बिघडलें असा निष्कर्ष काढणें म्हणजे पहिला पाऊस पडतांच महापूर आला अशी दवंडी पिटण्यासारखेंच आहे.

आतां मुख्य प्रश्न. जें विचारावयाचें तें तोंडानें कां विचारीत नाहींत? जी मुलगी तीन बांकांपलीकडे बसली आहे, जिच्याशीं काल प्रयोगवहीविषयीं बोलणें झालेंच होतें, तिला विचारण्यासाठीं कागद कशाला हवा?

याचें उत्तर कालिदासानें सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं देऊन ठेवलें आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकांत शकुंतला लताकुंजांत व्याकुळ होऊन पडली आहे. अनसूया व प्रियंवदा या तिच्या सख्या तिला राजास पत्र लिहिण्याचा सल्ला देतात. शकुंतलेस ती युक्ति पसंत पडते, परंतु ती म्हणते कीं, तो अवहेलना करील या भीतीनें माझें हृदय कांपतें. तपोवनांतील ही कन्या वनांतल्या श्वापदांस भ्याली नसेल. ती भ्याली ती नकारास, आणि त्याहूनहि नकारांतील तुच्छतेस. नुसता 'नाहीं' हा शब्द मनुष्य सोसूं शकतो. तो ऐकतांना समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारें हंसूं मात्र सोसवत नाहीं. चिठ्ठी लिहिणारास तें हंसूं पाहावें लागत नाहीं; तो त्या वेळीं खिडकीबाहेर पाहात असतो, किंवा तसें दाखवीत असतो.

त्या प्रसंगांतील गंमत पुढेंच आहे. शकुंतला कमळाच्या पानावर नखांनीं अक्षरें कोरते आणि तें गीत सख्यांस वाचून दाखविते; आणि ज्याच्या अवहेलनेचें तिला भय, तो दुष्यंत वेलींच्या आड उभा राहून तिच्याच भेटीसाठीं झुरत असतो. पत्र पाठविण्याची वेळच येत नाहीं. नाटकांत आडोशास कोण उभा आहे तें प्रेक्षकांस दिसतें. वर्गांत तें कोणासच दिसत नाहीं, म्हणून येथें चिठ्ठी पाठवावी लागते. भय मात्र पुष्कळदां दोन्ही बाजूंस सारखेंच असतें.

चिठ्ठीचा आणखी एक गुण आहे, व तो घेणाराच्या बाजूचा आहे. तोंडीं प्रश्नास तत्काळ उत्तर द्यावें लागतें. गप्प राहिलें तर तेंहि उत्तरच ठरतें. चिठ्ठी मात्र घरीं नेतां येते, दोनदां वाचतां येते, रात्रभर विचार करतां येतो. ज्या मुलीस प्रश्नानें आनंदापेक्षां गोंधळच अधिक झाला आहे तिला हा अवकाश फार मोलाचा वाटतो. पण चिठ्ठीवर सही नसेल, तर हा सारा गुण नाहींसा होतो. बिनसहीच्या चिठ्ठीनें लिहिणारा सुरक्षित राहतो. वाचणारी मात्र दुसऱ्या दिवशीं वर्गांतल्या प्रत्येक चेहऱ्याकडे संशयानें पाहूं लागते. आपली लाज झांकण्यासाठीं दुसऱ्यास भीति द्यावयाची, ही रीति आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्यें तिसरें माणूस येतेंच. शकुंतलेच्या पत्रासाठीं प्रियंवदेनें युक्ति काढली होती कीं, देवाचा प्रसाद म्हणून फुलें द्यावयाचीं आणि त्यांत तें लपवून राजाच्या हातीं पोहोंचवावयाचें. महाभारतांतील नलोपाख्यानांत हें काम सोन्याच्या पंखांचा हंस करतो. नळानें त्यास बागेंत पकडलें; "मला सोडशील तर दमयंतीपुढें तुझे गुण गाईन," असें त्यानें वचन दिलें आणि विदर्भास जाऊन तें पाळलें. दमयंतीनें उलट त्याच हंसास नळाकडे धाडलें. दोघांनीं एकमेकांस अद्याप पाहिलेंहि नव्हतें! दुसरी थोर निरोप धाडणारी रुक्मिणी, तीहि विदर्भाचीच. अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या काठीं कौंडिण्यपूर आहे, तेंच तिचें माहेर अशी श्रद्धा आहे. (वऱ्हाडांतील वाचकांनीं या योगायोगाचा अभिमान बाळगल्यास आमची हरकत नाहीं.) भाऊ रुक्मी तिचा विवाह शिशुपालाशीं ठरवून बसला होता. भागवताच्या दशम स्कंधांत तिचा निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे, आणि एकनाथांनीं आपल्या 'रुक्मिणीस्वयंवरांत' ही कथा मराठी घरोघर पोहोंचविली. या निरोपांत तिनें नेमकें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. तिनें एकच विश्वासू ब्राह्मण निवडला, त्यास सरळ द्वारकेस धाडलें, आणि आपली इच्छा, आपलें संकट व भेटीची वेळ आणि जागा हीं सर्व स्पष्ट सांगितलीं. तिच्या लग्नाचा निर्णय इतर सर्वांनीं घेतला होता; स्वतःचा शब्द पोहोंचविण्यास तिच्याजवळ तेवढा एकच मार्ग उरला होता.

वर्गांतील चिठ्ठी सहा हातांतून जाते. पहिला हात मित्राचा, दुसरा त्याच्या मित्राचा, तिसरा केवळ मध्यें बसला म्हणून. चौथ्या हाताला घडी उलगडून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. दूत होणें हें कठिण काम आहे. नळाचीच पुढली गोष्ट पाहा. दमयंतीच्या स्वयंवराच्या वेळीं इंद्र, अग्नि, वरुण व यम या चौघांनीं त्यासच आपला दूत करून तिच्याकडे पाठविलें. ज्या मुलीवर आपलें मन जडलें आहे तिच्यापुढें जाऊन दुसऱ्यांची शिफारस करावयाची! त्यानें ती प्रामाणिकपणें केली, एकहि शब्द गाळला नाहीं. आणि दमयंतीनें देवांस सोडून त्यासच वरलें. मित्राचा निरोप नेतां नेतां ज्याचें स्वतःचें मन गुंतलें असा एखादा मुलगा प्रत्येक शाळेंत असतोच. त्यानें ही कथा मुळांतून वाचावी.

दूत चांगला असूनहि कागद फसवितो तो कसा, हें पाहावयाचें असल्यास कालिदासाचेंच 'विक्रमोर्वशीय' उघडावें. दुसऱ्या अंकांत पुरूरवा राजा आपल्या विदूषकासह बागेंत बसला आहे. उर्वशी आपली सखी चित्रलेखा हिच्यासह अदृश्य रूपानें तेथें येते आणि भूर्जपत्रावर दोन श्लोक लिहून तें राजापुढें टाकते. राजा तें वाचून इतका हर्षतो कीं, बोटांच्या घामानें अक्षरें पुसतील या धास्तीनें तें विदूषकाच्या हातीं देतो. येथवर सर्व ठीक. परंतु उर्वशीच्या दर्शनानें भांबावलेल्या विदूषकाच्या हातून तें पान केव्हां निसटतें याचा त्यास पत्ताहि लागत नाहीं; वारा तें उडवून नेतो; आणि इकडे राणी औशीनरी दासी निपुणिकेसह त्याच बागेंत येत असते. पान नेमकें राणीच्या नूपुरांत अडकतें. दासी तें वाचून दाखविते. राजा आणि विदूषक झाडाखालीं पान शोधीत असतां राणी पुढें होते आणि, हेंच शोधीत होतां ना, म्हणून तें राजाच्या हातीं देते. राजा कांहीं तरी सबबी सांगूं पाहतो, पायां पडतो. राणी निघून जाते.

चिठ्ठीचा सारा दुर्गुण या एका प्रसंगांत आला आहे. बोललेला शब्द हवेंत विरतो. लिहिलेला शब्द ज्याच्या हातीं पडेल त्याचा होतो. औशीनरीची चूक काय होती? कांहींच नाहीं, आणि दुःख मात्र सर्वांत अधिक तिलाच झालें. हरवलेली चिठ्ठी वाचणारास हंसूं येतें तेव्हां तिच्यामुळें आणखी कोणास काय वाटेल, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या भयामुळेंच गुप्त लेखनाच्या अनेक युक्त्या निघाल्या. 'च'ची भाषा मराठी मुलांस सांगावयास नकोच: शब्दाच्या आरंभीच्या व्यंजनाच्या जागीं 'च' घालावयाचा आणि तें काढलेलें अक्षर शेवटीं लावावयाचें, म्हणजे शाळा 'चाळाश' होते व पुस्तक 'चुस्तकप'. आई हीच भाषा लहानपणीं बोलत असे, एवढाच तींत धोका. दुसरी युक्ति लिंबाच्या रसाची. रसानें लिहिलेलें वाळलें कीं दिसत नाहीं. कागदावर गरम इस्तरी फिरविली कीं अक्षरें तपकिरी होऊन उमटतात. रसांतील आम्ल व साखर यांमुळें तेवढी जागा उरलेल्या कागदापेक्षां कमी उष्णतेंत करपूं लागते, हें त्याचें कारण. रोमन कवि ओव्हिड यानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं दुधानें लिहिण्याची अशीच युक्ति सांगितली आहे. वर कोळशाची पूड भुरभुरली कीं ती दुधाच्या रेघांस चिकटते. प्रयोग म्हणून हें दोन्ही करून पाहण्यासारखें आहे. गुपित राखण्यास मात्र तें फारसें उपयोगीं नाहीं, कारण कोरा कागद आठ घड्या घालून कोणी कोणास देत नसतो.

याहून पाटी बरी होती. मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर' या १८७६ सालीं निघालेल्या कादंबरींत टॉम नवीन आलेल्या बेकी थॅचरच्या शेजारीं बसतो, पाटीवर प्रथम घराचें चित्र काढतो, मग हातानें झांकून कांहीं लिहितो. बेकी हट्ट धरते. तो हात हळूच सरकवितो. तेथें तीनच शब्द असतात. ती त्याच्या हातावर चापट मारते, पण लाजून खूषहि होते. इतक्यांत मास्तरांचा हात टॉमच्या कानावर पडतो आणि सबंध वर्गाच्या हंशांत त्याची रवानगी त्याच्या जागेवर होते. कान दुखला खरा, पण पाटीवरचे ते शब्द हाताच्या एका फटकाऱ्यानें पुसतां येण्यासारखे होते. आज पाटी गेली आणि मोबाईल आला. त्यावर पाठविलेला मजकूर पुसला तरी पुसला जाईल याची खात्री नाहीं, कारण घेणारानें पडद्याचें चित्र काढून ठेवलें तर तें शंभर जणांस एका क्षणांत पोहोंचतें. विदूषकाच्या हातून निसटलेलें भूर्जपत्र निदान एकच होतें.

खोट्या चिठ्ठीविषयींहि बोललें पाहिजे, कारण वर्गांत तिचें प्रमाण थोडें नसतें, आणि तिला 'गंमत' असें गोंडस नांव दिलें जातें. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकांत (याच्या १६०२ सालच्या एका प्रयोगाची नोंद सांपडते) माल्व्होलिओ नांवाचा एक कारभारी आहे. तो गर्विष्ठ आहे, घरांतील लोकांस त्याचा जांच होतो. मरिया ही दासी आपल्या मालकिणीच्या, म्हणजे ऑलिव्हियाच्या, अक्षरासारखें अक्षर काढून एक पत्र त्याच्या वाटेंत टाकते. मालकीण आपल्यावर अनुरक्त आहे असें समजून तो पत्रांत लिहिल्याप्रमाणें पिवळे मोजे घालून, त्यांवर आडवे पट्टे बांधून, सदा हंसत तिच्यापुढें जातो. तिला तो वेडा वाटतो. त्यास अंधाऱ्या खोलींत कोंडतात. प्रेक्षक पहिल्या अर्ध्या भागांत पोट धरून हंसतात. अंधाऱ्या खोलींतून त्याचा आवाज येऊं लागला कीं तें हंसणें हळूहळू थांबतें. नाटकाच्या अखेरीस इतर जोड्यांचे विवाह जुळतात आणि हा एकटा सूड घेण्याची भाषा बोलत निघून जातो. तो गर्विष्ठ होता हें खरें. पण फसला तो गर्वामुळें नव्हे. आपण कोणास तरी आवडावें ही इच्छा त्याच्याजवळहि होती, तीच हेरून त्याला फसविलें. वर्गांत ज्या मुलास कोणी आपल्या खेळांत घेत नाहीं, त्याच्याच दप्तरांत अशी चिठ्ठी सांपडते, हें विद्यार्थिमित्रांनीं स्वतःशीं कबूल करावें.

आतां पालक आणि शिक्षक. पकडलेली चिठ्ठी मोठ्यानें वाचून दाखविण्याची एक जुनी चाल आहे. तिनें वर्ग दोन मिनिटें हंसतो आणि शिस्त राखल्याचें समाधान मिळतें. पण जें भय टाळण्यासाठीं त्या मुलानें कागद हातीं धरला, तेंच भय चाळीस पट करून त्याच्या पदरीं घालावयाचें, ही शिक्षा अपराधाच्या मानानें फार जबर आहे. शिवाय त्या चिठ्ठींत जिचें नांव आहे तिनें तर कांहींच केलेलें नसतें. ती लिहिणाराच्या हातून घेऊन, न उलगडतां टेबलावर ठेवून, तास पुढें चालविणारे शिक्षकहि असतात. त्यांच्या वर्गांत चिठ्ठ्या अधिक फिरतात असा अनुभव नाहीं.

घरीं तर प्रकरण याहून नाजूक होतें, आणि तेथें न्याय सारखा नसतो. चिठ्ठी मुलाजवळ सांपडली तर त्यास दोन थपडा मिळतात आणि तो दुसऱ्या दिवशीं शाळेंत येतो. तीच मुलीजवळ सांपडली, मग ती तिनें लिहिलेली असो वा नसो, तर तिची शाळाच बंद होण्याची वेळ येते. आणि कांहीं घरांत स्थळें पाहण्याची घाई सुरू होते. मुलीच्या विवाहास अठरा वर्षें पूर्ण झालीं पाहिजेत असें २००६ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतो. पण कायद्यापूर्वींच तिच्या हातचें पुस्तक गेलेलें असतें. एका कागदाच्या कपट्यासाठीं एवढी किंमत, आणि तीहि एकाच बाजूनें!

कोणाचें मन कोणावर बसलें हें चव्हाट्यावर आलें म्हणजे समाज कोठवर जातो, याचा एक दाखला सावित्रीबाई फुले यांच्या पत्रांत आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजीं त्यांनीं नायगांवाहून जोतीरावांस पत्र लिहिलें. गणेश नांवाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गांवोगांव फिरे. त्याचें व सारजा नांवाच्या महार मुलीचें प्रेम जडलें. गांवकऱ्यांस तें कळतांच त्यांनीं दोघांस मारीत वेशींतून मिरविलें; पुढें त्यांस ठार मारण्याचा त्यांचा बेत होता. सावित्रीबाई धांवत तेथें गेल्या, खून केल्यास सरकार काय करील याची त्यांनीं लोकांस जाणीव दिली, आणि दोघांचे प्राण वांचविले. मग त्यांस जोतीरावांकडे पाठवून दिलें. माणसांच्या जमावापुढें उभ्या राहून त्यांनीं प्रथम विचारलें तें या दोघांनीं काय केलें हें नव्हे. यांस मारण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, असा त्यांचा रोख होता. शाळेंतील चिठ्ठी आणि नायगांवची वेस यांत अंतर फार आहे हें आम्ही जाणतों. तथापि रस्ता एकच आहे, आणि त्याची सुरुवात मोठ्यानें वाचून दाखविण्यापासून होते.

राहतां राहिला उत्तराचा प्रश्न. याविषयीं विद्यार्थी पुष्कळ विचारतात व त्यांस कोणी सांगत नाहीं. होकार असेल तर शब्द आपोआप सुचतात. नकार लिहावयाचा तर तो थोडका व स्वच्छ असावा: "तूं विचारलेंस याचा मला राग नाहीं. माझ्या मनांत तसें नाहीं. आपण वर्गांत पूर्वींप्रमाणेंच बोलूं." एवढें पुरे. 'बघूं', 'नंतर सांगेन' असें लिहिल्यानें आपणांस सुटल्यासारखें वाटतें, पण दुसरा महिनाभर टांगलेला राहतो. ज्यास नकार मिळाला त्यानें पुन्हां विचारूं नये. दुसऱ्यांदा विचारलें कीं तो प्रश्न राहत नाहीं, तगादा होतो. तगादा चालूच राहिला तर मुलीनें तें आईस किंवा बाईंस सांगावें. त्यास चहाडी म्हणत नाहींत. उत्तर शक्य तर त्याच कागदाच्या पाठीमागें लिहावें आणि स्वतःच्या हातानें परत द्यावें, म्हणजे प्रश्न व उत्तर दोन्ही ज्याचीं त्याच्याजवळ जातात, आणि मधल्या चार बांकांवरील मुलांस त्या तासापुरती भूमिति शिकावी लागते.